श्वास काढलेलं गाणं

१

गाण्यातून श्वास काढायला फार अक्कल लागत नाही. पडद्यावर आवाज लाटेसारखा दिसतो. शब्दांचे जाड, दाट पट्टे असतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक केसाळ सुरवंट बसलेला असतो. तो श्वास. त्याला माउसने धरायचं आणि खोडायचं. सुरवंट जातो, सरळ रेष उरते.

हे सगळेच करतात, पण बेताने करतात. शहाणी माणसं श्वास दाबतात, समूळ काढत नाहीत. दोन-तीन ओळींनी एखादा राहू देतात. अजिबात श्वास नसलेला आवाज ऐकणाऱ्याला नकोसा होतो आणि का होतो ते त्याला सांगता येत नाही. हे मला माहीत होतं. मी कॉलेज सोडलंय, पण माझं काम मला येतं. बाबांच्या भाषेत मी कॉलेज 'फेकून दिलं', जसं काही ते त्यांनी मला वाढदिवसाला आणून दिलं होतं. असो.

आमच्या गाण्याचं नाव 'चार्जिंग'. आमचं म्हणजे माझं आणि ताईचं. जोडीचं नाव 'दोन पिन', ते तिने ठेवलं. म्हणाली, एकटी पिन भिंतीत घालून बघ काय उजेड पडतो ते. सिंथ, बीट आणि शब्द माझे, आवाज तिचा. ती दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, घरी येते, तोंडावर पाणी मारते आणि कपाटात जाते. खरोखरच कपाटात. आमच्या दोघांच्या खोलीत भिंतीतलं खोल कपाट आहे, त्यात थंडीचे कोट आणि रजया. कापडात आवाज घुमत नाही. इतकी चांगली रेकॉर्डिंगची जागा भाड्यानेसुद्धा मिळायची नाही. आत ती आणि माइक, दार ओढलेलं, दाराखालून वायर बाहेर आलेली, आणि बाहेर फरशीवर मांडी घालून मी, कानाला हेडफोन.

'चार्जिंग'मधले ताईचे सगळे श्वास मी काढले. एकही ठेवला नाही.

२

ताईला लहानपणापासून दमा आहे. अंथरुणाला खिळवणारा नाही, पण श्वास आत घेतला की शेवटाला एक बारीक शिट्टी वाजते. किटलीला उकळी फुटायच्या जरा आधी वाजते तशी. औषधं झाली, पंप झाले. शिट्टी राहिली.

आमच्या घराला ह्या शिट्टीची लाज वाटायची. बाबा सरकारी कचेरीत. वरच्या साहेबाला 'हो सर' म्हणण्यात ह्या माणसाची हाडं झिजली, आणि घरात काय, तर सगळं नीट हवं. नीट म्हणजे पाहुण्यांना दिसायला नीट. पाहुणे आले की ते ताईजवळ वाकून म्हणायचे, "हळू घे ना जरा." काय हळू घे? श्वास. आई जास्त हुशार. ती तोंडाने काही म्हणायची नाही, टीव्हीचा आवाज वाढवायची. एखाद्या मावशीने विचारलंच तर हिला जरा सर्दी झालीय. वर्षानुवर्षं तीच सर्दी.

ताई हळू घ्यायला शिकली. ओठ किंचित उघडे, खांदे अजिबात न हलवता, दुसऱ्याच्या ताटातलं उचलावं तसा चोरून. पाहुणे गेले की स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची आणि राहिलेला सगळा एकदम घ्यायची. बाहेर आईबाबा कपबशा गोळा करत असायचे, पाहुण्यांचं कसं चुकतं ते बोलत.

ह्यासाठी मी त्या दोघांना कधीही माफ करणार नाही, असं मी ताईला कित्येकदा सांगितलंय. ती हसायची. "तू कोण लागून गेलास माफ करणारा," म्हणायची, आणि हसण्याच्या शेपटालाही शिट्टी.

मग मी श्वास का काढले? गाण्याला चकचकीत, यंत्रातून निघाल्यासारखा आवाज हवा होता म्हणून. हे मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंही. एवढं पटलं होतं तर ताईला सांगून काढायला हरकत नव्हती. तिला काही सांगितलं नाही.

३

गाणी काढणाऱ्या कंपनीच्या माणसाला आम्ही जॅकेट म्हणतो. उकाड्यातही त्याच्या अंगातून ते निघत नाही. त्याने गाणं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला की हा आवाज कुठल्या सॉफ्टवेअरने बनवला. मी म्हटलं, बनवलेला नाही, माझी बहीण आहे. तो म्हणाला, बहीण असू दे, आवाज भारी आहे.

ताईने तयार गाणं ऐकलं ते सुट्टीच्या दिवशी सकाळी, पलंगावर पाय वर घेऊन, माझे हेडफोन घालून. हलली नाही. संपल्यावर हेडफोन काढले, बाहीने डोळे पुसले आणि माझ्या डोक्यात टपली मारली. "छान झालंय, उंदऱ्या." मी वायरींच्या बिळात राहतो म्हणून उंदऱ्या. मला वाटलं, कौतुकाने रडली.

गाणं निघालं आणि चाललं. इतकं की दवाखान्यात दात काढायला आलेली माणसं सुजलेल्या गालाने ताईबरोबर फोटो काढायला लागली. खाली लोक लिहायचे, ही बाई आहे की मशीन. असं एकाने लिहिलं की शंभर जण त्याला बदाम टाकायचे.

सगळ्यात जास्त पालटले बाबा. 'चार्जिंग' हे काय गाण्याचं नाव, उद्या 'इस्त्री' काढाल, असं म्हणणारा हाच माणूस. आता त्यांनी हॉलमध्ये मोठा स्पीकर आणून बसवला, आणि जो कोणी घरी येईल त्याला चहाच्या आधी गाणं. "आवाज किती स्वच्छ आहे बघा," म्हणायचे. स्वच्छ. कुणी विचारलं नाही की आधी काय चिखलात पडला होता का. ताई तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली असायची, हसऱ्या चेहऱ्याने.

अशाच एका दुपारी बाबांच्या कचेरीतले कुणीतरी आले होते. गाणं संपलं, बशा वाजल्या, मग सगळे जरा गप्प झाले. मला काहीतरी खटकलं, पण काय ते लक्षात यायला वेळ लागला. टीव्ही बंद होता. आईने तो लावलाच नव्हता. खोली शांत होती आणि शिट्टी कुठेही नव्हती.

४

जॅकेटला दुसरं गाणं लगेच हवं होतं. ताई कपाटात गेली, मी फरशीवर बसलो, तिने पहिलं कडवं एका दमात म्हटलं. पडद्यावर पाहिलं तर शब्दांचे पट्टे होते आणि मध्ये सरळ रेष. सुरवंट नाहीत.

बारीक आवाज आपोआप कापणारी एक सोय असते, ती चालू राहिली असेल असं वाटलं. बघितलं, बंद होती. वायर बदलली. माइक बदलला. तेच.

तिला म्हटलं, गाऊ नकोस, नुसती उभी राहा, मला खोलीचा आवाज घ्यायचाय. हे आम्ही नेहमी करतो. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. कापड कापडाला घासतं, भिंतीतून कुणाच्या तरी फ्रीजची घरघर येते, रस्ता असतो. ते सगळं रेषेवर बारीक लव उगवल्यासारखं दिसत होतं. ताई त्यात नव्हती.

"आहेस ना आत?"

"मग कुठे जाणार."

शब्द रेषेतून एकदम भिंतीसारखा उभा राहिला. माणूस बोलायच्या आधी थोडी हवा घेतो, पडद्यावर छोटा चढ दिसतो. चढ नव्हता.

बाहेर आल्यावर मी विचारलं की दम्याचं औषध बदललंस का. नाही म्हणाली. बरं वाटतंय हल्ली, जिना चढताना दम लागत नाही, पंप संपला तो परत आणलाच नाही. मी म्हटलं, वा. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. आता कुणाकडे जाताना, बसमध्ये, स्टेजवर कुठेही ती शिट्टी नसणार. इतकं बरं वाटलं की तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

५

सकाळी आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर जायचो. थंडी पडली होती. थांब्यावर सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, माझ्या, एका म्हाताऱ्याच्या, त्याच्या कुत्र्याच्यासुद्धा. ताई मला दवाखान्यातली काहीतरी गंमत सांगत होती आणि तिच्या तोंडापुढची हवा कोरडी होती. मफलर असेल तोंडावर, म्हटलं. मफलर तिच्या हातात होता.

एकदा खोलीत मला जळकट वास आला. दार बंद होतं तरी डोळ्यांत पाणी यायला लागलं. स्वयंपाकघरात ताई शेगडीसमोर उभी होती, खिडकीतून बाहेर बघत. पातेल्यातलं दूध आटून करपून काळं झालं होतं आणि धूर तिच्या तोंडासमोरून वर चढत होता. मी खोकलो. हॉलमधून आई खोकली. मी म्हटलं, ताई, दूध. तिने पातेल्याकडे पाहिलं, अरे हो म्हणाली आणि आमच्यासाठी खिडकी उघडली. स्वतः खोकली नाही. नाकसुद्धा आक्रसलं नाही.

हसणंही गेलं. बाबा जॅकेटशी फोनवर बोलताना उभे राहून बोलतात, त्याची मी नक्कल केली. एरवी ती ह्यावर पलंगावर लोळली असती. तिने ओठ ताणले, दात दाखवले, तसेच थोडा वेळ धरून ठेवले. मग मला कळावं म्हणून म्हणाली, "हसले हं मी."

मी वाचून बघितलं. दमा मोठेपणी आपोआप जातो, काहींचा. वास न येणं हे सर्दीनंतर होतं, अनेकांना होतं. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. फक्त सगळ्या गोष्टी एकाच माणसाला होत होत्या, आणि तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते. त्यावर ती गडद लिपस्टिक लावायची. आई म्हणाली, आता कशी कलाकार वाटतेस.

आणखी एक. प्रत्येक रेकॉर्डिंगला मला तिच्या माइकचं बटण थोडं जास्त वाढवावं लागत होतं. आवाज तोच, सूर पक्का, पण तो रोज जरासा लांबून यायचा. भरलेल्या फुग्यातून हवा सोडत सोडत वाजवावं तसं ती आत उरलेल्या हवेवर गात होती. नवी भरत नव्हती.

६

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी नव्या गाण्याचा ठेका बसवत होतो आणि कपाटातला माइक चुकून चालू राहिला होता. ठेका थांबवला की हेडफोनमध्ये काहीतरी उरत होतं. मी पडद्याकडे पाहिलं. माइकच्या ओळीवर एकामागून एक सुरवंट चालले होते.

पहिलं वाटलं नळ. मग वाटलं वरच्या मजल्यावरचं काही. मग वाटलं मीच, माझाच श्वास दाराच्या फटीतून आत जात असणार. मी नाक दाबून धरलं. सुरवंट येत राहिले. माइकची वायर उपटली, रेष सरळ झाली. परत लावली, ते परत आले. प्रत्येकाच्या शेवटी एक टोकदार केस उभा होता. ती शिट्टी.

ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीआधी ताई नेहमी घाईत श्वास घेते. अर्धा घेते, अडखळते, मग उरलेला. तो श्वास मला तोंडपाठ आहे, कारण तो काढताना मी मोठा करून दोन तुकड्यांत खोडला होता. तो समोरून चालत आला. अर्धा, अडखळ, उरलेला. आपण केलेलं काम आपल्याला ओळखू येतं.

हे तुकडे मी खोडले होते. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली होती. कॉम्प्युटरवर ते कुठेही नव्हते, आणि ते कॉम्प्युटरमधून येतही नव्हते. ते कपाटातून येत होते. मी काय करतोय ते नीट न कळता मी 'चार्जिंग' उघडलं आणि माइकची ती ओळ त्याच्याखाली सरकवली. प्रत्येक सुरवंट आपापल्या फटीत जाऊन बसला. एकही फट रिकामी राहिली नाही.

कपाट माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं. मी उघडलं नाही. चपला पायात अडकवून खाली गेलो आणि ताईची बस येईपर्यंत दुकानाच्या फळीला टेकून उभा राहिलो. ती आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. काय ऐकलं ते सांगायचं तर आधी काय काढलं ते सांगावं लागलं असतं.

७

जॅकेटने कार्यक्रम ठरवला तो एका मोठ्या बाजारसंकुलाच्या मधल्या चौकात, दुपारी. वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरही माणसं ओणवलेली. ताईला चंदेरी पोशाख. पहिल्या रांगेत आई, बाबा आणि बाबांनी आग्रह करकरून आणलेला त्यांचा साहेब.

मी कीबोर्डमागे. गाण्यात मी जागा ठेवल्या होत्या, माणसाला श्वास घेता येईल अशा. ताईने त्या वापरल्या नाहीत. त्या जागी ती तोंड उघडं ठेवून नुसती थांबायची आणि मग पुढची ओळ सुरू. सुरुवातीला लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. पहिल्या कडव्यानंतर टाळ्या विरल्या.

गाणं ऐकताना माणूस गाणाऱ्याबरोबर श्वास घेतो. मला हे आधी ठाऊक नव्हतं, तिथे दिसलं. तिने घेतला की आपण घ्यायचा, असं ते अंगात चालू असतं. ती घेत नव्हती. मी वर पाहिलं तर सगळ्या चेहऱ्यांची तोंडं अर्धवट उघडी होती. एका बाईचा हात गळ्याशी गेला होता. साहेब टायची गाठ सैल करत होता. त्याच्या शेजारी बाबा, मानेच्या शिरा टरारलेल्या, चेहरा जांभळट, आणि तरी हसू कायम, कारण साहेब शेजारी होता. आई दोन्ही हातांनी मांडीवर काहीतरी चाचपत होती. ती रिमोट शोधत होती.

माझ्या बोटाखाली बटण होतं. दाबलं की सगळं बंद. मी ते दाबलं नाही. गाणं चांगलं चाललं होतं.

शेवटचा सूर थांबला आणि त्या सबंध इमारतीने एकदम श्वास घेतला. एवढ्या माणसांचा, एकाच वेळी. कठड्यांवरून, जिन्यांवरून, दुकानांच्या दारांतून. काचा हलल्या असं मला वाटलं. मग टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. एक मुलगी खाली बसली होती, तिला कुणी पाणी देत होतं. जॅकेट माझ्या पाठीवर थापा मारत म्हणाला, बाईने लोकांचा श्वास रोखून धरला राव. आपण फार छान बोललो असं त्याला वाटलं आणि त्याने ते दोनदा म्हटलं.

ताई स्टेजच्या मधोमध उभी राहून हात हलवत होती. चंदेरी कापडावर सगळे दिवे चमकत होते. धापा टाकणाऱ्या माणसाच्या छातीवर दिवे हलतात. तिच्यावरचे हलत नव्हते.

८

घरी आल्यावर ती आमच्या खोलीत पोशाख घडी करत होती. बाहेर बाबा कुणाला तरी फोनवर साहेब काय म्हणाले ते सांगत होते. मी दार लावलं आणि तिला सांगितलं. गाण्यातले सगळे श्वास मी काढले. ते कपाटात आहेत. हे दुसरं वाक्य तोंडातून निघताना मला स्वतःचाच वेडेपणा ऐकू आला, पण तिने 'काय?' म्हणून विचारलं नाही. घडी नीट केली. मग बोलायला लागली, न थांबता, कुठेही न तुटता, आणि इतक्या हळू की मला जवळ सरकावं लागलं.

"मला माहीत आहे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं माझे श्वास मला ओळखू येणार नाहीत का मी रडले ते म्हणूनच मला वाटलं चला सुटले एकदाची आता तरी तुला माझ्या शेजारी बसायला लाज वाटणार नाही."

मी म्हटलं, मला कधीच लाज वाटली नाही. ती आईबाबांना वाटायची.

"बाबांची दिसायची तुझी ऐकू यायची एवढासा होतास तेव्हापासून मी आडवी झाले की तू भिंतीकडे तोंड करून हेडफोन घालायचास गाणी लावायचास सगळे म्हणायचे ह्याला संगीताचं काय वेड आहे मला माहीत होतं तुला कशाचं वेड आहे ते."

हे मी विसरलो नव्हतो. मी त्याला दुसरं नाव दिलं होतं. सगळ्यांना सांगत आलो की मी लहानपणापासून संगीतात बुडालेलो असायचो. कॉलेज सोडताना बाबांच्या तोंडावर हेच फेकलं होतं. ज्या एका गोष्टीवर मी माझं सगळं उभं केलं ती मुळात बहिणीचा श्वास कानावर येऊ नये म्हणून घातलेली बुचं होती. आईने टीव्ही लावला, मी हेडफोन. फरक एवढाच की माझ्याकडे नंतर चांगली अवजारं आली.

मी तिला म्हटलं, चल, कपाट उघडू. तू आत जा. ते तुझं आहे, तुझ्यात परत येईल. तुझा आवाज संपत चाललाय, ताई, मी रोज बटण वाढवतोय, बटण आता शेवटाला आलंय.

तिने माझ्या डोक्यात टपली मारली. हात गार होता.

"नको राहू दे तिला तिथेच मला आता सगळे जवळ बसवतात बाबा माझ्याकडे बघून बोलतात जेवढं आहे तेवढं गाऊन घेते तू नवीन गाणं पुरं कर."

तिला. असंच म्हणाली.

९

आज सुट्टी आहे. हॉल भरलाय. काका, मावशा, साहेब आणि साहेबाची बायको. बाबांनी ठरवलंय की ताई सगळ्यांसमोर नवीन गाणं म्हणून दाखवणार. मी आत माइक आणायला आलो आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

कपाट उघडलं. खिडकीतून ऊन सरळ आत पडलं. कोट होते, रजया होत्या, माइकचा दांडा होता. दुसरं काही नव्हतं. फक्त ताईच्या तोंडाच्या उंचीवर टांगलेल्या एका कोटाची लोकरी कॉलर माझ्याकडे येत होती आणि मागे जात होती. माझ्या चेहऱ्याला ओलसर ऊब लागली. पंपाच्या औषधाचा कडवट वास आला. शिट्टी वाजली, मोकळी, लांब, ओट्याला धरून उभं राहिल्यावर वाजायची तशी.

मी म्हटलं, "ताई."

कॉलर थांबली.

मला वाटलं गेली. मग नीट बघितलं तेव्हा दिसलं, लोकरीचे नुसते शेंडे हलत होते. अगदी हळू. ओठ किंचित उघडे ठेवून, खांदे न हलवता घ्यावा तसा, चोरून. तिथे ओठ नव्हते, खांदे नव्हते. तरी मला ते ओळखू आलं. ती पाहुण्यांसमोर असा श्वास घ्यायची. समोर मी होतो.

मी आत शिरलो आणि दार ओढून घेतलं. अंधारात कोट बाजूला सारून रजयांवर बसलो. तिला म्हटलं, घे. मोठा घे. कुणी नाहीये इथे. मग लक्षात आलं की मी आहे. बाहेर ये आणि तिच्या अंगात परत जा, असं म्हणणार होतो. ते म्हणायचं तोंड माझं नव्हतं.

हॉलमधून, माइकची वाट न बघता, ताईचं गाणं सुरू झालंय. भिंतीपलीकडून एवढुसं ऐकू येतंय, दुरून जाणाऱ्या गाडीतला रेडिओ असावा तसं. पाहुणे पुढे झुकले असतील. ओळीमागून ओळ, मध्ये कुठेही फट नाही, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून बारीक. आता शब्द कळत नाहीत. सूर कळतो. आता सूरही कुठे आहे ते शोधावं लागतंय.

मी हळूहळू म्हणतोय, घे ना. मला चालेल. मला ऐकायचंय. घे ना गं, ताई.

माझ्या गालाजवळची लोकर पूर्ण थांबलीय. ती तिथेच आहे, ऊब लागतेय. पण ती श्वास घेत नाहीये. माझ्यासमोर नाही.